मदत हवी आहे: ग्राहकांना कूपन, वकिलांना रोख फी. कोर्टात ऑब्जेक्शन कसं नोंदवायचं?

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमच्या व्हॅक्यूम क्लीनरची बॅटरी जाहिरातीत सांगितली त्याच्या निम्मा वेळही चालत नाही. याच तक्रारीवर इथल्या फेडरल कोर्टात क्लास ॲक्शन (सगळ्या ग्राहकांच्या वतीनं चालवलेला एकच दावा) चालू होती. तिच्या सेटलमेंटची नोटीस ईमेलवर आली आहे. आम्हाला १५ डॉलरचं कूपन मिळणार. ते फक्त त्याच कंपनीच्या वेबसाइटवर, सहा महिन्यांच्या आत वापरायचं आणि दुसरी कुठलीही सवलत सोबत चालणार नाही. म्हणजे ज्यांनी फसवलं, त्यांच्याकडूनच पुन्हा खरेदी करा! वकिलांची फी मात्र रोख, सात आकडी. ती ठरवताना वाटल्या जाणाऱ्या सगळ्या कूपनांची दर्शनी किंमत धरली आहे.

वकिलांना फी मिळू नये असं मी म्हणत नाही. एवढ्याशा रकमेसाठी एकटादुकटा ग्राहक कोर्टात जात नाही आणि केस हरली तर त्यांच्या हाती काहीच पडलं नसतं. पण २००५ च्या क्लास ॲक्शन फेअरनेस ॲक्टनुसार कूपनांच्या बदल्यातली टक्केवारीची फी प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या कूपनांच्या किमतीवर काढायची असते. २०१३ मध्ये एचपी प्रिंटरच्या केसमध्ये नाइन्थ सर्किटनं (आपल्यावरच्या फेडरल अपील कोर्टानं) याच मुद्द्यावर सेटलमेंटची मंजुरी आणि फी दोन्ही रद्द केली. तिथेही सहा महिन्यांत संपणारी, दुसऱ्याला न देता येणारी ई-क्रेडिट्स होती.

ऑप्ट आउट केलं, म्हणजे सेटलमेंटमधून बाहेर पडलं, तर ऑब्जेक्शन घेता येत नाही आणि गप्प बसलं तर दाव्याचा हक्क जातो, एवढं समजलं. मला ऑब्जेक्शनच घ्यायचं आहे.

वकील न लावता कोणी असं पत्र लिहिलं आहे का? कूपनं किती वापरली गेली ते कळेपर्यंत फी थांबवा, अशी मागणी न्यायाधीश मनावर घेतात का? सुनावणीला जाण्यानं काही फरक पडतो का?

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वकिलांचा फीचा अर्ज अजून कोर्टाच्या रेकॉर्डवर दिसत नाही आणि ऑब्जेक्शनची मुदत या महिनाअखेर संपते. मर्क्युरी इंटरॅक्टिव्हच्या केसमध्ये (२०१०) नाइन्थ सर्किटनं म्हटलं होतं की, तो अर्ज वाचून आक्षेप घ्यायची संधी क्लासमधल्या सदस्यांना मिळालीच पाहिजे. मग मुदत वाढवून मागू की आत्ताच पत्र पाठवून नंतर पुरवणी जोडू?

नाव-पत्ता काढून नोटिशीचा मजकूर इथे टाकू शकते.