1492 ला स्पेन सोडलेले ज्यू आणि गोव्यातले 'नवे ख्रिस्ती': धागा कसा जुळतो?

वाटसरू: गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल (ख्रिस्ती श्रद्धेपासून ढळलेल्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) वाचताना 'नवे ख्रिस्ती' हा शब्द सारखा भेटतो. हे मूळचे स्पेन-पोर्तुगालचे ज्यू, इतकं कळलं. पण ज्यूंना 1492 मध्येच हाकललं, तर पुढे खटले कोणावर चालले? आणि 4 महिन्यांत घरदार विकून पैसा न्यायचे कसे?

दफ्तरदार: गोम अशी की, इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर. उघडपणे ज्यू म्हणून राहणाऱ्याला केवळ ज्यू असल्याबद्दल ते न्यायालय धरू शकत नव्हतं. 1391 मध्ये सेव्हिलपासून दंगली पेटल्या तेव्हा हजारोंनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला. ते आणि त्यांचे वंशज म्हणजे 'कॉन्व्हर्सो'. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतात, शनिवारी धुतलेले कपडे घालतात, डुकराचं मांस टाळतात, म्हणजे ज्यू रिवाज पाळतात, एवढ्या चहाडीवर चौकशी लागे. स्पेनच्या राजा-राणीच्या 31 मार्च 1492 च्या हद्दपारीच्या फर्मानात कारणही हेच दिलंय: ज्यू शेजारी या लोकांना परत जुन्या धर्माकडे ओढतात. गंमत म्हणजे 'धर्म बदला नाहीतर निघा' असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. नुसतं 'निघा'. बाप्तिस्मा घेतला की राहता येतं, हे सगळ्यांनी ओळखलं होतं.

हुंडीवाला: पैशाचं सांगतो. मुदत जुलैअखेरची. माल नेण्यास परवानगी, पण सोनं, चांदी आणि नाणी नेण्यास बंदी. मग उरतात दोन वाटा: एक तर कापडासारखा नेण्याजोगा माल घ्यायचा, नाहीतर इटालियन सावकारांकडून हुंडी. हुंडीवर कसर जबर. त्यात सगळेच एकदम विकायला निघाल्यावर भाव कोसळणारच. घर देऊन गाढव आणि द्राक्षमळा देऊन कापडाचा तुकडा घेतला, असं त्या काळच्या बखरकाराने नोंदवलंय. येणी असलेल्यांचेही हाल, कारण ऋणको मुदत संपायची वाट बघत बसे.

दरबारातल्या दोन बड्या ज्यूंची तुलना करा. अब्राहम सेनिऑरने जूनमध्ये बाप्तिस्मा घेतला, राजा-राणी स्वतः धर्ममातापिता झाले. इसाक अब्राव्हानेलने राजाला दिलेल्या कर्जावर पाणी सोडलं, 1000 डुकाट (सोन्याची नाणी) नेण्याची सूट मिळवली आणि नेपल्स गाठलं.

दफनभूमी तर विकताही येईना. स्पेनमधल्या व्हितोरियाच्या ज्यूंनी ती गावाला दिली, अट एकच: इथे बांधकाम करायचं नाही. गावाने 1952 पर्यंत शब्द पाळला, तोही फ्रान्समधल्या बायोनच्या ज्यूंनी मोकळं केल्यावरच सुटला.

सालाझारची_गल्ली: पोर्तुगालचा टप्पा राहिला, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. सीमा जवळ, म्हणून फार मोठा लोंढा तिकडे गेला. राजा जुआंव दुसरा याने 600 श्रीमंत कुटुंबांना दर कुटुंबामागे 100 क्रुझादो (पोर्तुगालची सोन्याची नाणी) घेऊन वस्तीला परवानगी दिली; बाकीच्यांना दरडोई 8 क्रुझादो भरून 8 महिने. मुदत टळली की गुलामी. त्याच्यानंतरचा राजा मानुएल याला स्पेनच्या राजकन्येशी लग्न करायचं होतं, तिकडून अट आली ज्यूंना घालवा. पण त्याला माणसं गमवायची नव्हती. म्हणून डिसेंबर 1496 ला हद्दपारीचा हुकूम काढला आणि 1497 मध्ये मुलं हिसकावून, निघण्याची बंदरं बंद करून सगळ्यांना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. स्पेनमध्ये निदान निघून जाता येत होतं. इथे तोही पर्याय नाही, त्यामुळे अख्खा समाजच्या समाज 'नवा ख्रिस्ती' झाला. सुरुवातीला 20 वर्षं श्रद्धेची चौकशी न करण्याचं वचन होतं. तरी 1506 मध्ये लिस्बनला कत्तल झालीच. इन्क्विझिशन आलं 1536 ला.

वाटसरू: म्हणजे गोव्यात आलेले याच लोकांपैकी?

दफ्तरदार: हो. गोव्यात न्यायालय बसलं 1560 ला, तोवर लिस्बनपेक्षा इथे मोकळीक होती. गार्सिया द ओर्ताचं घर बघा. आईवडील स्पेनमधून पोर्तुगालला आलेले, तिथे बाप्तिस्मा झालेला. हा वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला, मुंबई बेट भाडेपट्ट्याने त्याच्याकडे होतं, औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 ला गोव्यातच छापला गेला. 1568 ला वारला, हयातीत खटला नाही. पुढच्याच वर्षी बहीण कातारिनाला जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. मेलेल्यावरही खटला चाले.

हुंडीवाला: मेलेल्यावर चालवण्यात पैशाचंही गणित असे. दोषी ठरला की मालमत्ता जप्त, मग वारसांच्या हाती काय राहणार!