ॲमेझॉनच्या जंगलातल्या कोणत्या गोष्टी मुलांना सांगू?

कवडसा:
मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना संध्याकाळी गच्चीवर गोष्टी सांगते. वय ८ ते १२. या वर्षी ब्राझीलच्या जंगलातल्या लोककथा घ्यायच्या ठरवल्यात. कुरुपिरा, सासी, इयारा, बोतो, मापिंग्वारी... नावंच इतकी सापडली की निवड होईना. हाताशी तीनच संध्याकाळी आहेत. नुसती भुताटकी नको. काय घेऊ?

रानवाट:
सुरुवात कुरुपिरानेच करा. पोरसवदा अंगाचा, आगीसारखे लाल केस, आणि पाय उलटे. शिकारी त्याच्या पावलांचा माग काढत जातो आणि भलतीकडेच पोचतो. उलटे पाय म्हटल्यावर आपल्या मुलांना हडळ आठवेल, म्हणून हा जंगलाचा राखणदार आहे हे आधीच सांगा. पोटापुरती शिकार करणाऱ्याच्या तो वाटेला जात नाही. गाभण मादी मारली, गरजेपेक्षा जास्त जनावरं मारली, की मग चकवा लागलाच. सुटायचं तर वेलीच्या गाठी मारून, टोक आत लपवून तो गुंडा वाटेत टाकायचा. कुरुपिराला राहवत नाही. तो गाठी सोडवत बसतो, तेवढ्यात पळायचं. गोष्ट सांगताना मुलांच्या हातात सुतळी द्या, गाठी त्यांनाच मारू देत.

आणि ही श्रद्धा फार जुनी आहे. जेझुइट पाद्री जुझे द आंशिएता याने १५६० च्या पत्रात लिहून ठेवलंय की कुरुपिराच्या भीतीने तिथले लोक रानवाटांवर पिसं, पंखे, बाण ठेवून जातात. २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलें शहरात जागतिक हवामान परिषद झाली, तिचा शुभंकरही कुरुपिराच होता.

मीठभाकर:
कुरुपिराचा भाऊबंद काइपोरा, त्याच्यासाठी शिकारी तंबाखू ठेवतात. आमच्या गोव्यात राखणदाराला रोट आणि विडी देतात, अगदी तसंच. मुलांना हे सांगितलंत तर ब्राझील लांबचं वाटणार नाही.

सासीपण घ्या ना! एका पायाचा, लाल टोपीचा, वावटळीतून फिरणारा. वावटळीवर चाळण टाकून त्याला पकडायचं, टोपी काढून घ्यायची आणि बाटलीत कोंडायचं. मुलं खूश होतील.

रानवाट:
सासी गोड आहे, पण त्याचं मूळ दक्षिण ब्राझीलकडचं. ताईंना ॲमेझॉन हवंय, म्हणून मी त्याला बाजूला ठेवेन.

कवडसा:
दोघांचेही आभार. गुलाबी डॉल्फिनची गोष्ट कशी वाटते? चित्रं सुंदर मिळालीत.

रानवाट:
बोतो म्हणजे तोच गुलाबी डॉल्फिन. तो या वयाला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. जूनच्या जत्रांत तो पांढऱ्या सुटातला देखणा तरुण होऊन नाचायला येतो, डोक्यावरचं श्वासाचं भोक दिसू नये म्हणून टोपी काढत नाही, इथवर मजा आहे. पण पुढे मुलीला दिवस जातात आणि तो नदीत परत जातो. बापाचं नाव नसलेल्या मुलाला तिकडे 'बोतोचं मूल' म्हणतात. त्या शब्दाआड कितीतरी बायकांचं दुःख झाकलेलं आहे. ते पेलेल अशा वयातच ही गोष्ट सांगावी.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मापिंग्वारी घ्या: केसाळ, एक डोळा, पोटावर तोंड, आणि असह्य दुर्गंधी. काही संशोधकांना त्यात नामशेष झालेल्या महाकाय स्लॉथची, म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या एका केसाळ प्राण्याची, आठवण दिसते.

मीठभाकर:
शेवटच्या दिवशी मातिंता पेरेरा. ती रात्री पक्षी होऊन छपरावर शीळ घालते. शीळ थांबावी म्हणून घरातून ओरडून सांगायचं, उद्या ये, तंबाखू देते. सकाळी दाराशी जी म्हातारी तंबाखू मागायला येईल, तीच मातिंता. दिवे मालवा, कुणाला तरी पाण्याच्या टाकीमागे उभं करून शीळ घालायला सांगा, आणि मगच पहिलं वाक्य बोला.