मदत हवी आहे: आठवीच्या गणिताची उजळणी
नमस्कार मंडळी. वस्तीतली आठवीची सहा मुलं संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला बसतात. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आलीये. आता आठवीत नापास झालं की पुनर्परीक्षा द्यावी लागते, म्हणून मुलं धास्तावली आहेत. चक्रवाढव्याज जमतंय, पण अवयव पाडताना चिन्हं हमखास चुकतात. काल एकीने −७ − ३ = १० लिहिलं. विचारलं तर म्हणाली, "ताई, वजा वजा अधिकच ना?" गुणाकाराचा नियम इथे लावला होता! खडूने फरशीवर संख्यारेषा आखून तिला पावलं टाकायला लावली, तेव्हा बरोबर −१० वर पोचली. वहीत मात्र पुन्हा तेच. हे पक्कं कसं करून घेऊ? आणि रोज मिश्र उदाहरणं द्यावीत की एकेक प्रकरण संपवावं? शिक्षकांनी जरूर सांगा.