‘पत्र्या मारणे’ म्हणजे नक्की काय मारणे?

मामाच्या गावी, वाळवा तालुक्यात गेलो होतो. नातवाचा दंगा बघून मामी म्हणाल्या, "पत्र्या मारल्याबिगर सुधरायचं न्हाई ह्ये!" आठवीतलं पोरगं छपराकडं बघायला लागलं. मला तर लहानपणी गणपतीला वाहायची पत्रीच आठवायची, आणि दुर्वा-आघाड्याला कोण कशाला भिईल, हे कोडं पडायचं. हा शब्द आला कुठून?

– बैलाच्या खुरातून. घोड्याला नाल, बैलाला पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन. चारी पायांना मारल्या तर आठ. आधी बैल पाडायचा, पाय आवळून बांधायचे, मग खिळे ठोकायचे. उसाच्या गाडीच्या बैलांना डांबरी रस्त्यापायी अजूनही माराव्या लागतात.

मामींची धमकी मात्र क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘पत्री सरकार’च्या काळातली, 1943 ते 1946 मधली. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 ला, त्याचं सांगली हे नाव 1960 चं. खबरे आणि गावगुंड यांना धरून, पाय बांधून, तळपायावर काठीनं झोडपायचे, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. तसा आडवा पाडलेला माणूस बघून शेतकऱ्याला दुसरं काय आठवणार?

– म्हणजे ‘पत्री सरकार’ हा ‘प्रति’चा अपभ्रंश नव्हेच?

– दोन्ही खरं असावं. ‘प्रति’ हा पुस्तकी शब्द, आणि पत्री दारातल्या बैलाच्या पायात. कानाला जवळ, अर्थालाही चपखल. एकदा जुळल्यावर गावानं कशाला सोडलं असतं? ‘सोळा आणे खरं’ किंवा ‘चार आणे कमी हाय’ हे नाण्यांबरोबर विरत चाललंय, पण त्याचा अर्थ निदान विचारला तर लागतो. पत्रीचं तसं नाही. बैल गेला की शब्दाचा धाकच जातो, उरतो नुसता पत्रा.

– आमच्या कराडकडं आजोबा वेगळंच वापरायचे. पायी आठवडी बाजार करून आलेल्याला म्हणायचे, "पत्र्या मारून घेतल्यात काय रं पायाला?" त्यात धमकी नव्हती, कौतुक होतं.

– हे मी ऐकलं नव्हतं. मामींना विचारतो.