शॉवरचा कॉक अडकला की काय काय होतं : आपापले अनुभव लिहा

पोरसातलं आळू

आज सकाळी शॉवरचा गरम पाण्याचा कॉक बंदच होईना. फिरवला की फिरतोय पण पाणी चालूच. शेवटी टेरेसवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या वहिनींचंही पाणी गेलं आणि त्या खाली आल्या ते वेगळंच.

पाना शोधायला बाबांची जुनी पेटी उघडली. ते डिचोलीला मायनिंगच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, पेटी अजून ग्रीसच्या वासाची आहे. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना कार्ट्रिज (नॉबच्या आतला फिरणारा भाग, जो पाणी चालू-बंद करतो), हिरवा पडलेला, आणि कागदावर त्यांच्या अक्षरात पेन्सिलने "डावा. गरम. उलटा फिरतो." बाबा जाऊन सात वर्षं झाली. मी तशीच न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले, चहा गार झाला.

2009 मध्ये साखळी गावच्या घरी नवीन न्हाणी केली तेव्हाचा असणार. चवथीच्या आदल्या दिवशी तो कॉक अडकला होता, घरात पंधरा माणसं, आणि बाबा लुंगीचा तुकडा मोरीच्या जाळीत कोंबून शांतपणे बसलेले. कारण आधी एकदा स्क्रू आत गेला होता आणि आईने ती गोष्ट पुढे दहा वर्षं ऐकवली.

उलटा फिरतो म्हणजे काय ते मात्र मला अजून कळलं नाहीये. तुमच्याकडे असं काही अडकलंय का कधी? कसं काढलं? प्लंबरला मेसेज टाकलाय, "येता येता" म्हणाला. तुम्हाला माहीतच आहे.

कुळागरवाला

येता येता म्हणजे शिगमोत्सवात.

सोलकढी_दोन_वाट्या

आधी गीझरचा स्विच बंद कर आणि गीझरखालचा अँगल कॉक पण बंद कर गो! शॉवरच्या मिक्सरमध्ये गरम गार दोन्ही बाजू जोडलेल्या असतात, नुसती टाकी बंद करून गीझरमधलं पाणी येतंच. मी हे अंगावर घेऊन शिकलेय.

माझी कहाणी छोटी आहे. नॉबचं झाकण नखाने काढलं, आतला स्क्रू काढला, आणि नॉब काही निघेना. खेचून खेचून हाताला फोड. शेवटी सासूबाईंनी पोफळी बांधायचा सुंभ आणला, नॉबच्या मागे दोन वेढे, दोन्ही टोकं धरून सरळ खेचलं, टक्कन् आला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. चमच्याने उचकटू नका, क्रोम उडतं, आमच्या खालच्या नळाला अजून डाग आहे.

रात्रपाळी

स्क्रूचं डोकं गेलं असेल तर रबरबँड चपटा करून डोक्यावर ठेवा आणि त्यावरून स्क्रू ड्रायव्हर दाबून फिरवा, पकड मिळते. ड्युटीवर निघालोय, बाकी नंतर.

वास्कोचा वारा

आमच्याकडे समुद्र अगदी समोर, सगळं दोन वर्षांत खातं. दाराच्या कड्या, सायकल, पंख्याचे स्क्रू. शॉवरचं तर विचारू नका. मी कार्ट्रिजवर डब्ल्यूडी 40 मारलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पाना लावला तर हलला. तेलाचं नाव तेवढं लक्षात ठेवा, 1953 मध्ये चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून 40, मी तेवीस प्रयत्नांत काढला म्हणून मी स्वतःला डब्ल्यूडी 23 म्हणतो.

कुळागरवाला

खोबरेल लाव की. गोव्यात राहून बाहेरची तेलं कशाला.

स्पॅनर काका

थांबा थांबा. अडकलेल्या पितळी आट्यांवर कुठलंही तेल मारा, पण नवीन कार्ट्रिजच्या रबरी रिंगांना लावू नका. खनिज तेलाने पुष्कळशी रबरं फुगतात आणि मग तेच कार्ट्रिज वर्षात पुन्हा अडकतं. रिंगांना सिलिकॉन ग्रीस, हार्डवेअरवाल्याकडे छोटी ट्यूब मिळते. खोबरेल डोक्याला.

आणि ज्योत लावू नका कुणी. भिंतीत आता सगळीकडे सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे पाईप असतात, ते 93 अंशांपर्यंतच्या पाण्याला चालतात, गॅसच्या ब्लोटॉर्चला नाही. माझ्या एका गिऱ्हाईकाने ब्लोटॉर्च लावला, कॉक निघाला, पाईप पण निघाला, मग भिंत फोडून चिऱ्यात नवीन चर मारावी लागली. कढत पाण्यात भिजवलेला फडका पुरतो, नाहीतर हेअर ड्रायर.

पोरसातलं आळू

काका, व्हिनेगर चालेल का? आमच्याकडे माडाचं आहे, आंबोटीकसाठी (मासळीची आंबट-तिखट आमटी) आणलेलं.

स्पॅनर काका

चालेल, पण अपेक्षा बेताची ठेव बाय. व्हिनेगर चुन्याच्या पापुद्र्यावर काम करतं, आणि आपल्या चिऱ्याच्या विहिरींचं पाणी मुळात मऊ असतं, साबणाला फेस बघ किती येतो. इकडे कॉक अडकतो तो बहुतेक पितळ खाल्ल्याने, तांबड्या मातीने आणि दहा वर्षं कुणी हात न लावल्याने. हिरवं दिसतंय ते व्हिनेगरने निघतं. फडका भिजवून गुंडाळ, वरून पिशवी आणि रबरबँड. अर्ध्या तासाने बघ, क्रोमवर रात्रभर ठेवू नको. टॉयलेटचं ॲसिड तर लांबच ठेव, क्रोम काळं पडतं आणि खालचं पितळही खातं.

बोअरवेलचा टँकर येणाऱ्या सोसायट्यांत मात्र पांढरा चुना जाड जमतो, तिथे व्हिनेगर खरंच मदत करतं.

म्हापशाची पिशवी

आमच्याकडे अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी. चुना बिना काही नाही, पण पावसाळ्यात चहासारखं येतं कधीकधी.

आंबोटीक कशाची करणार गो?

पोरसातलं आळू

मोरी, म्हणजे ती मासळीतली मोरी (शार्क), न्हाणीतली नव्हे 😄

फोंड्याचा जावई

मी लिहू का माझी फजिती. ह्या धाग्यावर सगळे यशस्वी लोक दिसतायत.

कार्ट्रिज काढलं, छान. कुठेतरी वाचलेलं की नवीन बसवायच्या आधी पाणी एक क्षण सोडून आतली रेती बाहेर काढायची, म्हणजे नवीन कार्ट्रिजमधली चकती खरवडत नाही. बरोबरच आहे ते. फक्त टेरेसवर व्हॉल्व्ह उघडायला मी मेव्हण्याला पाठवलेलं आणि "एक क्षण" ही कल्पना दोघांची वेगळी होती. भिंतीतून सरळ आडवी धार, समोरच्या दारावर, दारातून हॉलमध्ये, हॉलमध्ये सासरे पेपर वाचत बसलेले. मी हाताने भोक दाबून ओरडतोय "बंद कर" आणि वर त्याला "अजून उघड" ऐकू येतंय. ओपाच्या प्रकल्पाचं पाणी एवढ्या प्रेशरने आमच्याकडे त्याआधी कधीच आलं नव्हतं.

सासरे काही बोलले नाहीत. नंतर दोन वर्षं मी न्हाणीत गेलो की ते पेपर उचलून बेडरूममध्ये जायचे.

सोलकढी_दोन_वाट्या

😂😂 बादली कपाळावर धरायची होती.

फोंड्याचा जावई

एकही हात रिकामा नव्हता ताई.

रात्रपाळी

ब्रेक झाला. माझ्या घरी कार्ट्रिजचं डोकं तुटलं, म्हणजे षटकोन मोडला आणि पितळी नळकांडं आतच राहिलं. ह्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हेक्सा ब्लेड फ्रेममधून काढायचं, एका टोकाला कापड गुंडाळायचं आणि नळकांड्याला आतून समोरासमोर दोन खाचा पाडायच्या. हळू, कारण बाहेरच्या बॉडीच्या आटेपर्यंत गेलात तर सगळं भिंतीत गेलं. शेवटचं थोडं पितळ शिल्लक असतानाच थांबायचं. मग जुना स्क्रू ड्रायव्हर खाचेत ठेवून आतल्या बाजूला दोन टोले, तुकडा आत दुमडतो आणि चिमट्याने निघतो. मला पावणेतीन तास लागले. त्यातला अर्धा तास मोबाईलची टॉर्च तोंडात धरून.

दोन खाचांमधला तुकडा तळहातावर घेतला तेव्हा तो तांबूस गुलाबी होता, पितळासारखा पिवळा नाही, आणि बोटाने चुरडला. पितळातलं जस्त पाण्यात जाऊन नुसतं तांबं उरतं म्हणे.

स्पॅनर काका

बरोबर, जस्त जातं. गुलाबी दिसलं की समजायचं, तो तुकडा आता कुठलंही बळ घेणार नाही. पाना लावूच नका, थेट ब्लेड. आणि पाना लावायचाच असेल तर पहिल्यांदा किंचित घट्ट करायच्या बाजूला, मग सैल. पुढे मागे, पुढे मागे. एकाच बाजूला ताकद लावणारे लोकच माझी रोजीरोटी आहेत.

वेळसांवची रांपण

आमच्या आजीच्या न्हाणीत तांब्याचं भाण होतं, खाली चूल, वर झाकण. कधी काही अडकलं नाही. फक्त धूर आणि कधीतरी झुरळ.

कुळागरवाला

आणि मोठा तांब्या. शॉवर हे मुळात संकट ओढवून घेणं आहे.

म्हापशाची पिशवी

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कुणी जात असेल तर जुन्या पान्यांचा माणूस अजून बसतो का? पूर्वी एक जण जमिनीवर पोतं पसरून पाने, किल्ल्या, गंजलेले स्क्रू मांडायचा. त्याच्याकडून माझ्या मामाने पाईप पाना घेतलेला, अजून चालतो. नव्या पान्याचे दात बघितले का, दोन वेळा वापरलं की गुळगुळीत.

वास्कोचा वारा

माझ्या डोक्यात गेलेला प्रकार म्हणजे नवीन कार्ट्रिज आणणं. पहिल्यांदा दाते वेगळे, नॉब बसेना. दुसऱ्यांदा दाते बरोबर, पण दांडी आखूड, नॉब भिंतीला घासतोय. तिसऱ्यांदा जुना तुकडा पिशवीत घालून नेला आणि दुकानदाराच्या काचेवर ठेवला, म्हणाला "आधीच आणायचा नाही का". दाते मोजून, लांबी बघून, आणि... हो! गरम आणि गार बाजूचं वेगळं असतं!! धागा काढणाऱ्या ताई, तुमच्या बाबांच्या कागदाचं उत्तर हेच आहे की काय?

स्पॅनर काका

तेच. लिव्हरचा दांडा असलेल्या क्वार्टर टर्न नळात दोन्ही बाजू आरशासारख्या दिसाव्यात म्हणून एक कार्ट्रिज घड्याळाच्या दिशेने बंद होतं आणि दुसरं उलट. दोन्ही दिसायला सारखी, नुसती बघून ओळखू येत नाहीत. चुकीचं बसवलं की नळ चालतो, पण बंद म्हणाल तेव्हा उघडतो. तुझ्या बाबांनी म्हणूनच लिहून ठेवलं असणार, नाहीतर पुढचा माणूस दुकानातून दोनदा हेलपाटे घालतो.

पोरसातलं आळू

अरे देवा. म्हणजे ते "उलटा" म्हणजे खराब नव्हे. मी मघापासून तो तुकडा मोडका समजत होते.

पण ते साखळीच्या घरचं होतं. ते घर आता विकलंय.

सोलकढी_दोन_वाट्या

🙏

फोंड्याचा जावई

तरी नेऊन दाखवा दुकानात. कोणास ठाऊक.

पोरसातलं आळू

अपडेट देते. गीझर बंद, टाकी बंद, वहिनींना फोन करून आंघोळ आटपायला लावली (ओरडल्या). मोरीच्या जाळीत फडका कोंबला. नॉब सुंभाने निघाला, खरंच टक्कन् येतो. व्हिनेगरचा फडका पस्तीस मिनिटं, तेवढ्यात मोरी साफ करून घेतली, मासळीतली. मग कढत पाण्याचा फडका. बाबांचा पाना लावला, आधी घट्ट बाजूला जरासा, मग सैल. तिसऱ्या फेरीत कर्र असा आवाज आला आणि मी घाबरून सोडून दिलं. परत लावला आणि आला! दातात तांबडी माती गच्च, आणि एका बाजूची रबर रिंग अर्धी गायब. ती आत असणार म्हणून चिमट्याने शोधून काढली, काळी, मऊ, शेवग्याच्या शेंगेतल्या बीएवढी.

दुकानात दोन्ही नेले, माझा आणि बाबांचा. दाते सारखे, लांबी सारखी, दोन्ही गरम बाजूचे. दुकानदाराने बाबांचाच हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाला हा चालणार नाही, चकतीला तडा आहे, पण अशीच नवीन कार्ट्रिज देतो. दिली.

बसवलंय. बंद होतंय, गळत नाहीये, म्हणजे अजून तरी. जुन्या कागदात आता माझा पण तुकडा गुंडाळलाय.

स्पॅनर काका

शाबास बाय. उद्या सकाळी कोरड्या टिश्यूने खालून पूस, ओला झाला तर अर्धा आटा आणखी घट्ट कर. टेरेसचा व्हॉल्व्ह पण महिन्यातून एकदा फिरवत जा, नाहीतर पुढचा धागा त्याचा निघेल. जुने गेट व्हॉल्व्ह अडकले आणि जोर लावला की आतली पात तुटून खाली बसते, चाक फिरतं आणि पाणी चालूच.

कुळागरवाला

प्लंबर आला का?

पोरसातलं आळू

आत्ता मेसेज आलाय. "वाटेत आहे."

म्हापशाची पिशवी

त्याला आंबोटीक वाढ. आणि पान्यांच्या माणसाचं कुणी सांगितलं नाही अजून.