मदत हवी आहे: ऑफिसच्या फॉल्स सीलिंगवर पीव्हीसी फ्लेक्सिबल पाइप चालतो का, की लोखंडी कंड्युटच लागतं?

मृणाल_ठाणे:
ठाण्यात सात मजली कमर्शिअल इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस भाड्यानं घेतलंय. बारा टेबलं, दीड टनाचे दोन एसी, एक यूपीएस. इंटिरिअरवाल्याच्या माणसांनी वायरिंग जवळजवळ उरकत आणलंय. काल सीलिंगच्या दोन प्लेटा सरकवून वर बघितलं. करडा फ्लेक्सिबल पाइप नुसता सीलिंगच्या पट्ट्यांच्या जाळीवर (ग्रीडवर) पसरलेला, त्याच पाइपात इंटरनेटची कॅट-६, आणि लाइटच्या जोडांना काळी टेप गुंडाळलेली. बॉक्सचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणे, "मॅडम, एफआर वायर आहे, पेटतच नाही. सगळीकडे असंच करतात." इमारतीचा मॅनेजर म्हणतो, लोखंडी पाइप नसेल तर काम थांबवा. नियम नेमका काय आहे? आणि यातलं काही वाचेल का, की सगळंच उपटायचं? चौदा एलईडी पॅनेल एकाच एमसीबीवर (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) आहेत, त्याबद्दलही सांगा.

जुना_वायरमन:
मॅनेजरचं बरोबर आहे. नॅशनल बिल्डिंग कोड (एनबीसी) २०१६, भाग ४ म्हणजे आगीपासून सुरक्षेचा भाग, त्यात शाफ्टमधलं (मजल्या-मजल्यांतून केबल नेणाऱ्या उभ्या पोकळीतलं) आणि फॉल्स सीलिंगवरचं वायरिंग धातूच्या कंड्युटमधून न्यायला सांगितलंय. सीलिंगवर शॉर्ट झाला तर खाली बसलेल्याला धूर येईपर्यंत कळत नाही, म्हणून ही सक्ती. "कोड म्हणजे कायदा थोडाच," असं तुमचा इंटिरिअरवाला म्हणेल. पण ठाण्यात यूडीसीपीआर २०२० ही राज्याची बांधकाम नियमावली लागू आहे आणि विजेच्या कामासाठी ती एनबीसीकडेच बोट दाखवते.

एफआरचं म्हणाल तर "पेटतच नाही" ही थाप आहे. एफआर म्हणजे ज्योत वायरीवरून पुढे सहजी पसरत नाही, एवढंच. पीव्हीसी जळलं की काळा धूर आणि आम्लाचा वायू सुटतोच. बंद एसी ऑफिसात एफआर-एलएसएच घ्या, म्हणजे कमी धूर आणि कमी आम्लवायू सोडणारी. बजेट असेल तर आयएस १७०४८ ची एचएफएफआर, तिच्यात आम्लवायू करणारं हॅलोजन नसतं.

लो_व्होल्टेज_पुणे:
कॅट-६ त्या पाइपातून आजच बाहेर काढा. पॉवर आणि डेटा एका कंड्युटमध्ये नाही म्हणजे नाही. पॉवरच्या वायरीचं इन्सुलेशन सोललं तर २३० व्होल्ट थेट नेटवर्क स्विचच्या पोर्टवर येतील. डेटाला वेगळा पाइप द्या, अंतर ठेवा, आणि पॉवरला ओलांडायचंच असेल तर काटकोनात. फायर अलार्मची केबलही यात कोंबलीय का, ते बघून घ्या. कोंबलेली असते, पैजेवर सांगतो.

जुना_वायरमन:
आता काय वाचेल ते. वायरी नव्या आहेत, तर ओढून काढून पुन्हा वापरता येतील. ओढताना सोललेल्या मात्र फेका. जोड फक्त बॉक्समध्ये आणि कनेक्टरवर. बॉक्सपासून लाइटपर्यंतचा शेवटचा तुकडा लोखंडी फ्लेक्सिबलचा चालतो. पाइप स्लॅबला क्लॅम्पनं टांगायचा, ग्रीडवर टेकवायचा नाही.

एक गोष्ट तुमचा माणूस हमखास चुकवेल. लोखंडी पाइपातून एका सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकत्रच जायला हवेत. फेज एका पाइपात आणि न्यूट्रल दुसऱ्यात गेला तर पाइपच तापतो. पीव्हीसीत ही चूक खपून जाते, म्हणून सवय नसते. पाइपाच्या तोंडाला वायर सोलू नये म्हणून बुश, पाइप अर्थला जोडलेला, आणि आतून हिरवी वायर वेगळी.

चौदा पॅनेलचं: लाइटच्या सर्किटला १० पॉइंट किंवा ८०० वॅट हा जुना हिशेब. एलईडीला लोड कमी, त्यामुळे वायर तापणार नाही. तरी सात-सात करा. एक एमसीबी पडली की सगळं ऑफिस अंधारात कशाला? एसीला स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची वायर, आणि सॉकेटवर ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, ते पाहा.

मृणाल_ठाणे:
आरसीसीबी एकच आहे, मेनला. सॉकेटवर तीस मिलिअँपची लावायला सांगते. अलार्मची केबल त्याच पाइपात निघाली! आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "मी बदलतो, पण मॅनेजरकडून लेखी आणा." आणि शाफ्टमधून केबल आणताना पाडलेलं भोक त्यानं पिवळ्या फोमनं भरलंय. ते चालेल?

जुना_वायरमन:
साधा पीयू फोम नाही चालत, तो स्वतःच पेटतो. शाफ्ट प्रत्येक मजल्यावर फायर स्टॉप मालानं बंद हवा, भिंतीइतकाच वेळ आग अडवणारा. भोक तुमच्या कामासाठी पाडलंय, तेव्हा खर्च तुमच्या कॉन्ट्रॅक्टरकडून घ्या, मालकाकडे जाऊ नका.

लेखी तर त्यानं तुम्हाला द्यायचंय. असं काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनंच करायचं असतं, सुपरवायझरच्या देखरेखीखाली. परवाना क्रमांक मागा, टेस्ट रिपोर्ट सहीनिशी घ्या. इन्सुलेशन तपासायचा मेगर ५०० व्होल्टवर, रीडिंग एक मेगओहमच्या खाली नको. इमारतीचा फॉर्म बी दाखवून कोणी गप्प करायला लागला तर ऐकू नका. तो अग्निशमन यंत्रणेचा असतो, तुमच्या वायरिंगचा नाही.

मृणाल_ठाणे:
परवाना क्रमांक मागितल्यापासून इंटिरिअरवाला फोन उचलत नाहीये. ठाण्यात परवानाधारक कुणी माहीत असेल तर व्यनि करा.