मिनिमल इंटरव्हेन्शन म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे

मिनिमल इंटरव्हेन्शन, म्हणजे कमीत कमी ढवळाढवळ करून केलेली वाईन, ही नुसती द्राक्षं चिरडून गप्प बसलं की आपोआप होते असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. बाहेरचं यीस्ट नाही, वरून ॲसिड नाही म्हटलं की सगळी भिस्त तोडणीच्या दिवसावर येते, चार दिवस उशीर झाला आणि आंबटपणा उतरला की सावरायला हातात काहीच उरत नाही.

अशा वाईनला जुन्या वेलींची द्राक्षं चांगली, हा त्यांचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. दक्षिण आफ्रिकेत स्वार्टलँडला शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाच्या अशा जुन्या बागा बघितल्यात, तार नाही मांडव नाही ठिबकही नाही, कमरेएवढी झुडपं, खोड मनगटापेक्षा जाड, वेलीला मोजके घड आणि मणी बारीक. तिथे ३५ वर्षं किंवा त्याहून जुन्या बागांच्या वाईनला ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट या जुन्या वेली जपणाऱ्या संस्थेचं सील मिळतं, त्यावर लागवडीचं साल असतं, घेताना ते जरूर बघा. आणि वाईन खराब होऊ नये म्हणून घालतात ते सल्फर, बाटली भरताना थोडं घातलं तर मला काही गैर वाटत नाही. अजिबात न घातलेली एक बाटली मी उघडली होती, रंग कोऱ्या चहासारखा आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, एवढ्या जुन्या वेलींची द्राक्षं अशी वाया गेलेली बघून फार वाईट वाटलं.